खुंट टेक्सासचा, घड तासगावचा

किर्लोस्करवाडीच्या स्टेशनात उतरलो तेव्हा धुकं अजून उठलं नव्हतं. डिसेंबरातलं हे धुकं पाहुण्याला सुंदर वाटतं, बागाईतदाराची मात्र त्यानं झोप उडते. पानांवर दव साचलं की डाऊनी हा पानांचा रोग येतो, म्हणून उजाडायच्या आतच ट्रॅक्टरवरचे ब्लोअर सुरू होतात. पलूसवरून तासगावकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांनी त्यांची घरघर ऐकू येत होती. ज्यांच्या बागेत जायचं होतं ते साठीतले गृहस्थ बांधावरच उभे होते. गाव त्यांना आबा म्हणतं, मीही तेच म्हणू लागलो. "चहा मागनं, आधी प्लॉट बघा," म्हणत ते मला मांडवाखाली घेऊन गेले, एका वेलीच्या बुडाशी उकिडवे बसले आणि बोटानं माती सारून खोडावरची गाठ दाखवली.

"हितनं खाली टेक्सास. हितनं वर आपलं."

खालचा खुंट डॉगरीजचा. टेक्सासच्या बेल काऊंटीतली ही मूळची रानवेल टी. व्ही. मन्सन या अमेरिकी फळशास्त्रज्ञानं निवडली. फ्रान्सच्या द्राक्षबागा फिलॉक्झेरा नावाच्या मुळांवरच्या किडीनं मरत होत्या, तेव्हा टेक्सासच्या रानवेलींचे चिवट खुंट तिकडे पोचवायला ज्यांनी हातभार लावला त्यांतला हा माणूस. फ्रेंच सरकारनं 1888 साली त्याचा सन्मान केला. सांगली-सोलापूरकडचं दुखणं निराळं होतं. विहिरीचं पाणी मचूळ, जमिनीत चुनखड, दर काही वर्षांनी दुष्काळ. अशा जमिनीत स्वतःच्या मुळांवर उभी असलेली बाग लवकर थकायची. डॉगरीजची मुळं खोल जातात आणि खारं पाणी सोसतात, हे कळल्यावर बागाईतदार आधी खुंट लावून, काही महिन्यांनी त्यावर शेतातच पाचर कलम करू लागले. फ्रान्सनं अमेरिकी खुंट घेतले ते किडीसाठी, आपण घेतले पाण्यासाठी.

आणि वरचं "आपलं"? तेही नीट पाहिलं तर फिरस्तंच. इराण-तुर्कस्तानाकडची बिनबियांची किशमिश द्राक्षं अमेरिकेत गेली, कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्पसन नावाच्या इंग्रज माणसानं ती वाढवली आणि तिकडे ती त्याच्या नावानं ओळखली जाऊ लागली. तीच थॉम्पसन सीडलेस महाराष्ट्रात आली. त्याआधी आपल्याकडे भोकरी होती, फकडी होती, पांढरी साहेबी होती. नाशिकजवळ ओझरला रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाडांनी 1925 साली बाग लावली होती, आणि पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात डॉ. चिमांनी पांढऱ्या साहेबीतून निवड करून चिमा साहेबी दिली होती. थॉम्पसननं हे सगळं मागे सारलं.

पण आबांचं "आपलं" मला खोटं वाटत नाही. त्यांच्या मांडवावर तास-ए-गणेश आहे. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांना थॉम्पसनच्या बागेत निराळ्या गुणाची वेल दिसली. त्यांनी तिच्या काड्या वेगळ्या लावल्या, पारखल्या, आणि त्यातून हा वाण उभा राहिला. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी थॉम्पसनमधूनच लांबट मण्याची सोनाका निवडली, आणि सोव्हिएत मुलखातून आलेल्या किशमिश चोर्नीतून काळ्या मण्याची शरद सीडलेस. या दोघांच्या हाती प्रयोगशाळा नव्हती. रोज बागेत फिरायची सवय होती आणि हजार घडांमध्ये एखादा वेगळा घड ओळखणारी नजर होती. लहान उद्योगांनी बाहेरचं ज्ञान कसं वापरावं यावर शहरात परिसंवाद होतात. त्यात कुणी माझं मत विचारलं तर मी बोरगाव आणि नान्नजपासून सुरुवात करीन.

द्राक्षबागेला मी उद्योगच म्हणतो. एकरी भांडवल, मजुरी, औषधं, शीतगृह, कर्ज, निर्यात, सगळं तिथं आहे. शिवाय आपल्या हवेत ही वेल कधी झोपत नाही. थंड देशांत ती हिवाळ्यात पानं गाळून विसावते. आपल्याकडे तिला वर्षातून दोनदा छाटावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार व्हावी म्हणून, आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, फळासाठी. कॅलिफोर्नियाचं पुस्तक जसंच्या तसं उघडून इथं बाग पिकत नाही. तिथल्या प्रत्येक वाक्याला इथं कात्री लावावी लागते.

आबांच्या बागेत त्या दिवशी जीएचं काम चाललं होतं. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. त्याची कूळकथा भाताच्या खाचरातली. जपानमध्ये भाताच्या एका रोगात रोपं वेड्यासारखी उंच वाढत आणि कोलमडत. तिथले शेतकरी त्यांना खुळी रोपं म्हणत. 1926 साली कुरोसावा या शास्त्रज्ञानं दाखवलं, की हे काम एका बुरशीनं सोडलेल्या द्रव्याचं आहे. पुढे ते द्रव्य वेगळं काढण्यात आलं आणि 1950 च्या दशकाअखेर कॅलिफोर्नियात बिनबियांच्या द्राक्षांवर त्याचे प्रयोग झाले. मण्यात बी नसलं की वाढीचं संप्रेरक कमी पडतं आणि मणी बारीक राहतो. ती उणीव जीए भरून काढतं. भाताचा रोग अशा रीतीनं द्राक्षाचं औषध होऊन तासगावात पोचला.

आबांचं शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत, पण पीपीएमचा हिशेब ते तोंडी करतात. शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम म्हणजे दहा पीपीएम. घड लांबवायला सुरुवातीच्या फवारण्या, मग मणी तीन-चार मिलिमीटरचा झाला की डिपिंग, म्हणजे प्रत्येक घड द्रावणाच्या मगात बुडवायचा. द्रावण करण्याआधी त्यांनी खिशातून सामू मोजायचं छोटं यंत्र काढलं आणि टाकीत बुडवलं. इथल्या विहिरींचं पाणी अल्कधर्मी आणि जीए आम्लधर्मी पाण्यात चांगलं काम करतं. म्हणून पाणी साडेपाच-सहाच्या सामूवर आणल्याशिवाय ते पुडी फोडत नाहीत. "पुडीवर डोस लिवलेला असतोय," ते म्हणाले, "पर आमच्या हिरीचं पाणी कसलं हाय ते पुडीवाल्याला काय ठावं?"

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. पुडीवर लिहिलेलं आणि विहिरीतलं यांच्यामधलं अंतर कुणीतरी रोज चालून जावं लागतं. मोठ्या कारखान्यात त्यासाठी संशोधन विभाग असतो. चार एकरवाल्याकडे तो कुठून येणार?

तो त्यांनी मिळून उभा केला. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ 1960 च्या सुमारास स्थापन झाला. नाशिक, पुणे, सांगली आणि सोलापूर हे त्याचे चार विभाग. त्याचं 'द्राक्षवृत्त' मासिक मी अनेक घरांत देवाच्या कोनाड्याशेजारी रचलेलं पाहिलं आहे. चर्चासत्रांना आणि वार्षिक अधिवेशनाला बागाईतदार वह्या घेऊन बसतात. परदेशी तज्ज्ञ येतो, तेव्हा त्याला पहिल्या रांगेतून प्रश्न जातो तो किती डोळ्यांवर छाटलं, पाणी किती दिलं, पान किती ठेवलं असा. बागाईतदारांच्याच मागणीच्या रेट्यात पुढे मांजरीला 1997 साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र उभं राहिलं.

शहरी उद्योगापेक्षा इथली एक गोष्ट अगदी निराळी आहे. एकाच बाजारात माल विकणारे दोन शेजारी इथं एकमेकांच्या प्लॉटमध्ये जातात, काडी उचलून पाहतात आणि कोणतं औषध कधी मारलं ते विचारतात, आणि बहुतेक वेळा त्यांना खरं उत्तर मिळतं. सोयरिकीतून काड्या जातात. भावकीतून अनुभव जातो. कलम करणाऱ्या टोळ्या गावोगाव फिरतात आणि एका गावची युक्ती दुसऱ्या गावी सोडून येतात. पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडकडे येणाऱ्या आदिवासी मजुरांच्या हातातही हे ज्ञान आहे. घडातले कुठले मणी काढायचे आणि कुठले ठेवायचे, हे विरळणी करणाऱ्या बाईच्या कात्रीला नेमकं कळतं. चर्चासत्राच्या मांडवात मात्र ही बाई मला क्वचितच दिसली. तिला बोलावलं पाहिजे. तिला जे दिसतं ते व्यासपीठावरच्या पडद्यावर येत नाही.

गावातून ज्ञान वर गेल्याचा दाखला खुद्द फ्रान्समध्ये आहे. बागाईतदार आजही मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण फवारतो. फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी असं निळसर पाणी शिंपडत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. मिलार्दे या प्राध्यापकाला दिसलं, की त्याच वेलींची पानं डाऊनीतून वाचली आहेत. त्यानं कारण शोधलं आणि 1885 साली प्रसिद्ध केलं. चोरांसाठी केलेली तजवीज अशी शास्त्रात जमा झाली आणि तिथून पुन्हा जगभरच्या शेतात गेली.

आबांच्या थोरल्या भावाचं बेदाण्याचं शेड जवळच आहे. ऑस्ट्रेलियात द्राक्षं सुकवण्यासाठी थंड द्रावणात बुडवायची पद्धत जुनी आहे, तीच इथं आली. लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि पंधरा मिलिलिटर इथाईल ओलिएट, म्हणजे इथल्या भाषेत डिपिंग ऑईल. मण्याच्या सालीवरचं मेण त्यानं विसविशीत होतं आणि आतलं पाणी लवकर निघून जातं. एवढं झालं आणलेलं ज्ञान. मग इथल्या लोकांनी पाहिलं, की आपल्या गिऱ्हाइकाला हिरवट, टपोरा बेदाणा आवडतो आणि उन्हात तो तांबूस पडतो. म्हणून सुकवण सावलीत आणली. वर छप्पर, चारी बाजूंनी हिरवी शेडनेट, आत जाळ्यांचे मजले एकावर एक आणि त्यावर पसरलेला माल. फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा आरपार खेळती राहते आणि पंधरा-वीस दिवसांत काम होतं. माल शीतगृहात जातो आणि वर्षभर तासगाव-सांगलीच्या सौद्यांत येत राहतो. द्रावणाचं माप बाहेरचं होतं, शेडची उंची, जाळीचं अंतर आणि वाऱ्याची दिशा मात्र इथली. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते मला म्हणूनच रास्त वाटतं.

याच तालुक्यांच्या शेजारी किर्लोस्करवाडी असावी, हा योग मला आवडतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान घातलं. परदेशी यंत्रं आणि त्यांची वर्णनं पाहून ते शिकत गेले, कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते, असं शेतकऱ्यांना वाटायचं, म्हणून नांगर बराच काळ नुसता पडून राहिला. 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर त्यांनी कारखाना वसवला. विलायती नांगराचा नमुना समोर होता, पण इथली माती, इथले बैल आणि इथली शंका यांना उत्तर देत देत तो बदलावा लागला. नुसत्या नकलेवर कारखाना उभा राहिला नसता.

आता कडू भाग. तो गाळला तर हा लेख अपुरा राहील.

1991 साली महाग्रेप्स ही सहकारी संस्थांची भागीदारी निर्यातीसाठी उभी राहिली. काढणीनंतर लगेच शीतकरण, पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारे ग्रेपगार्डचे कागद, शून्य अंशांवर समुद्रप्रवास, हे सगळं शिकताना सुरुवातीचा बराच माल वाया गेला. ते शिकलो. मग 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले. त्यातून उर्वरित अंशाच्या तपासणीची राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली आणि 2006 मध्ये ग्रेपनेट आलं, पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग काढता येणारं. वाटलं, आता निर्धास्त.

2010 च्या हंगामात सीसीसीचा घाव बसला. सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, हे एप्रिल छाटणीनंतर वाढीला आवर घालून सूक्ष्म घडनिर्मितीला मदत करणारं संजीवक. इथं ते वर्षानुवर्षं शिफारशीनं वापरलं जात होतं. युरोपनं मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅमवर आणली होती आणि आपल्याकडच्या हंगामाआधीच्या चाचण्यांच्या यादीत हे रसायन नव्हतं. कंटेनर समुद्रात असताना बातमी आली. माल अडकला, भाव कोसळले, पैसे थकले. आबांच्या वहीत त्या वर्षाचं पान आहे. त्यावर फक्त औषधांच्या तारखा आहेत, जमेची बाजू कोरी. त्यांनी ते मला दाखवलं आणि काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

बाहेरून तंत्र घेतलं, पण तंत्रासोबत बदलत राहणारा नियम घेणारी यंत्रणा आपण तेव्हा पुरती उभारली नव्हती. औषध दुकानाच्या काउंटरवर मिळत होतं, युरोपातला बदललेला आकडा तिथं मिळत नव्हता. ती चूक शेतकऱ्याची नव्हती आणि भरपाई मात्र त्यानं केली, असं मी आजही मानतो. आज संशोधन केंद्राची शिफारशीत औषधांची यादी आणि काढणीपूर्व किती दिवस फवारणी थांबवायची तो आकडा, पीएचआय, शाळकरी पोरालाही पाठ असतो. हे शहाणपण फार महाग मिळालं.

तासगावहून मी थेट मांजरीला आलो. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या या गावात द्राक्ष संशोधन केंद्र आहे, उसाचं वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे आणि हडपसर-मांजरीच्या याच पट्ट्यात सीरम इन्स्टिट्यूटही आहे. शहरी उद्योग बाहेरचं ज्ञान कसं घेतो ते पाहायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

सीरम 1966 मध्ये सुरू झाली. पूनावाला घराण्याच्या घोड्यांचा उपयोग मुंबईच्या हाफकिन संस्थेत रक्तद्रव्यासाठी होत असे. त्यातून कल्पना निघाली आणि हाफकिनमधल्या अनुभवी माणसांच्या हातांबरोबर विद्या पुण्यात आली. पण मला सांगायची आहे ती आफ्रिकेच्या मेंदुज्वराची लस. सहाराच्या दक्षिणेच्या पट्ट्यात मेनिंगोकॉकस 'अ'च्या साथी हजारोंचे बळी घेत होत्या. तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं होतं, की डोस अर्ध्या डॉलरपेक्षा महाग असेल तर आम्हाला परवडणार नाही. मोठ्या कंपन्यांना त्यात रस नव्हता. जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांच्या प्रकल्पानं मग वाट बदलली. जंतूच्या शर्करेचा अंश प्रथिनाला जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून आली, सुरुवातीचा शर्करेचा कच्चा माल आणि त्याची विद्या नेदरलँड्समधून, आणि या दोन्ही गोष्टी पुण्यात एकत्र आल्या. जोडायला लागणारं धनुर्वाताचं टॉक्सॉइड सीरम आधीपासूनच मोठ्या प्रमाणावर करत होती. म्हणून आलेली विद्या रुजायला घरची जमीन तयार होती. 2010 च्या डिसेंबरात बुर्किना फासोमध्ये मेनआफ्रिव्हॅक या लसीची मोहीम सुरू झाली, आणि दर अर्ध्या डॉलरच्या आत राहिला.

याच वर्षी तासगावचे कंटेनर अडकले होते. दोन्ही घटना माझ्या वहीत समोरासमोरच्या पानांवर आहेत. शहरातल्या उद्योगाकडे करार होता, ज्ञान देणाऱ्याचा पत्ता होता आणि शंका आली तर फोन करायला नेमका माणूस होता. बागाईतदाराकडे शेजारी होता, मासिक होतं, नजर होती. युरोपात फोन लावून आकडा विचारणारा माणूस नव्हता. शहाणपणात तो कुठंच कमी नव्हता.

आता तो माणूस गावातही येतो आहे. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सनं, विलास शिंदे यांच्या पुढाकारानं, शेतकऱ्यांच्याच कंपनीत तपासणी, पॅकिंग आणि परदेशी खरेदीदाराशी थेट बोलणं एका छताखाली आणलं. रॉयल्टी देऊन त्यांनी इस्रायलच्या ग्रापा कंपनीचे 'आरा' वाण आणले. पेरू, चिली आणि दक्षिण आफ्रिकेनं नवे वाण लावले असताना आपण थॉम्पसनवर किती दिवस तग धरणार, हा त्यामागचा विचार मला पटतो.

तरी एक गोष्ट मनात टोचत राहते. थॉम्पसन आली तेव्हा तिच्याबरोबर कुणाचा करार आला नव्हता. म्हणून बोरगावात वेगळी वेल दिसली, तेव्हा आर्व्यांना तिच्या काड्या शेजाऱ्याला देता आल्या. 2001 चा आपला वाण संरक्षण कायदा शेतकऱ्याला बियाणं राखायचा, देवघेवीचा हक्क देतो. परवान्याच्या वाणांचे करार मात्र वेगळी भाषा बोलतात, आणि जगभरच्या अशा करारांत वेलीवर उगवलेला बदलही बहुधा मूळ मालकाकडे जातो. नव्या वाणाबरोबर चांगला भाव येईल. तो घ्यावाच. पण करारावर सही करताना शेतकरी कंपन्यांनी हे कलम वाचावं आणि त्यावर भांडावं, असं मला मनापासून वाटतं. वेगळा घड ओळखणारी नजर ही या मुलखाची मोठी मिळकत आहे.

तासगावहून निघायच्या आधी आबांनी मला बागेच्या वरच्या अंगाला नेलं होतं. तिथं एका वेलीच्या एकाच काडीला लाल चिंधी बांधलेली होती. त्या काडीवरचा घड थोडा सैल, मणी जरासे लांबट. दोन वर्षं तसाच येतोय, ते म्हणाले. यंदा तिसरं. पुढच्या ऑक्टोबरात तिच्या काड्या वेगळ्या धरणार आहेत आणि डॉगरीजच्या सहा खुंटांवर बांधून बघणार आहेत. शेजारच्या बांधापलीकडे त्यांच्या पुतण्याचा परवान्याच्या वाणाचा नवा प्लॉट आहे. तिथंही ते रोज सकाळी एक फेरी मारतात, हात मागे बांधून, घड बघत.